पाण्याचे जोडीदार

१२ जुलै १९९८, रविवार

ही वही दिनानाथने जानेवारीत दिली. दिनानाथ म्हणजे माझा रोह्याचा भाऊ, हायस्कुलात मास्तर आहे. "सरू, रोज दोन ओळी तरी लिहीत जा, दहावी पास झालीस ती चूल फुंकायला नव्हे," म्हणाला. सहा महिने लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आता घडलंय, आणि ते माहेरी सांगायची लाज वाटते म्हणून वहीला सांगते.

आधी एक हौस भागवून घेते. घरात मी नवऱ्याला 'अहो' म्हणते, शेजारणींशी बोलताना 'हे'. इथे कोण कान लावून बसलंय? हिरामण. हिरामण. हिरामण. लिहिलं बाई एकदाचं, बरं वाटलं.

तर हिरामणने कंपनीतलं पाणी सोडलं.

गावचं मिठागर दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, तेव्हापासून तो हायवेकडच्या कंपनीत कंत्राटी हेल्पर आहे. शुक्रवारी सकाळच्या शिफ्टला तो यार्डाच्या मागे झाडत होता. तिथे एक मोठा हौद आहे, त्याला लोखंडी झडप, झडपेपलीकडे नाला, आणि नाला जातो खाडीला. हौद काठोकाठ भरलेला आणि खाडीला पार ओहोटी. आता आमच्या गावच्या कुठल्याही माणसाला विचारा, अशा वेळी काय करायचं? उघाडी उघडायची. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. भरतीला बंद ठेवायचा, ओहोटीला उघडायचा, नाहीतर शेतात पाणी तुंबतं. हे इथल्या माणसांच्या डोक्यात नसतं, हातात असतं. हिरामणच्या हाताने चाक फिरवलं, झडप वर गेली, आणि हा झाडूवर हनुवटी टेकून बघत राहिला, पाणी कसं मजेत निघालंय ते.

झडपेवर इंग्रजीत बोर्ड होता. 'वेस्ट वॉटर, डू नॉट ओपन.' वॉचमन बोंबलत आला, त्याने झडप पाडली. ट्रक धुतलेलं पाणी होतं, फार गेलंही नाही. पण साहेबाने विचारलं, "बोर्ड नाही वाचलास?" तर आमचं माणूस म्हणतं, "साहेब, ओहोटी होती."

ऐकून मी हसले. हसू नये तिथे हसायची मला खोडच आहे. मग त्याचं तोंड पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. तो जेवला नाही.

१४ जुलै, मंगळवार

कंत्राटदाराने आज सगळ्यांना सांगितलं. दहा ऑगस्टला, सकाळी दहाला, कंपनी परीक्षा घेणार. इंग्रजीतले दहा बोर्ड दाखवायचे. काय लिहिलंय आणि काय करायचं, ते मराठीत सांगितलं तरी चालेल. जो पास होईल त्याचं नाव कंपनीच्या रजिस्टरला लागणार, कायम. जो नापास होईल त्याने गेटपास परत करून घरी जायचं. मधलं काही नाही.

संध्याकाळी जनू आला. हिरामणचा चुलतभाऊ, लहानपणापासून दोघे एका ताटात जेवलेले. म्हणाला, "कशाला डोकं फोडून घेतंस? गनपतीच्या आधी मुकादमाला नाव दे. कच्छला मीठ हाय. आठ महिने काम, आपन दोघं एका झोपडीत. तिथं इंग्रजी नाय नि फिंग्रजी नाय."

जनू गेल्या वर्षी गेला होता. परत आला तेव्हा त्याची धाकटी पोर त्याला बघून आईच्या मागे लपली. हे तो स्वतःच सांगतो, हसत हसत. हिरामणही हसला. मला नाही हसू आलं.

लग्नाला चार वर्षं झाली. घरात तिघं आहोत. हिरामण आठ महिने गेला तर राहिल्या दोघी, मी आणि सासूबाई. देवा, तूच वाचव.

सासूबाईंनी जनूला चहासुद्धा विचारला नाही. घरी आलेल्या माणसाशी असं वागतात.

१७ जुलै, शुक्रवार

एसटीने रोह्याला जाऊन आले. सासूबाईंना सांगितलं, दिनानाथची तब्येत बरी नाही. दिनानाथ ओटीवर बसून भजी खात होता.

त्याला म्हटलं, कंपनीने बोर्डांची यादी दिलेली नाही, फक्त एवढंच सांगितलंय की पाणी, आग, वीज यांचे असतील. तीन आठवड्यांत सातवी पास माणसाला इंग्रजी कसं शिकवू?

तो म्हणाला, "इंग्रजी शिकवूच नकोस. एक शब्द धर. रोजच्या वापरातला. आणि त्याचे जोडीदार पकड. शब्द एकटे हिंडत नाहीत सरू. आपल्याकडे बघ. पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, पण वारा? वारा सुटतो. भरती येते, ओहोटी लागते. कुणी शिकवलं तुला? कुणी नाही. रीत आहे ती. त्यांच्यातही तसंच. 'वॉटर'च्या अलीकडे पलीकडे कोण कोण बसतं ते ठरलेलं असतं. एवढी सोयरीक पाठ झाली की बोर्ड वाचता येतो."

मग त्याने मला कागदावर वॉटरचे चौदा जोडीदार लिहून दिले. ड्रिंकिंग वॉटर, हॉट वॉटर, कूलिंग वॉटर, वेस्ट वॉटर, फ्रेश वॉटर, हार्ड वॉटर, स्टिल वॉटर, हाय वॉटर. पुढे वॉटर लेव्हल, वॉटर टँक, वॉटर प्रेशर असे. खाली फायरचेही पाच-सहा. हार्ड वॉटरशी मी अडले. पाणी कडक कसं असेल? बर्फ का? दिनानाथ म्हणाला, "बर्फ नव्हे गो. पण आता आठवत नाही, बघून सांगतो." मास्तर!

२० जुलै, सोमवार

तीन दिवस झाले. रोज संध्याकाळी शिफ्टहून आल्यावर तासभर बसवते. काही होत नाही.

मी म्हणते, "कूलिंग वॉटर." तो म्हणतो, "कूलिंग वॉटर." मी म्हणते, "म्हणजे?" तो माझ्याकडे असा बघतो की वाटतं ढोराला चारा दाखवावा आणि त्याने शिंगं हलवावीत. काल मी बोलून गेले, "दगडावर पाणी ओतते आहे मी." तो उठून बाहेर गेला. असं बोलायला नको होतं. माझी जीभ कापून ठेवायला हवी.

सासूबाईंची आणखी वेगळी तऱ्हा. नेमक्या त्याच वेळी दाराशी पाठ करून सुका जवळा निवडायला बसतात. "बायको मास्तरीन नि नवरा शाळंत. खाडीत बुडवा ते इंग्रजी," असं पुटपुटतात. शेजारची काशीबाई 'धोंडुबाई' अशी हाक मारत गप्पा मारायला आली तर तिला म्हणाल्या, "मना वेल नाय, उद्या ये." जवळा निवडायला एवढा वेळ लागतो का? आणि संध्याकाळची भाकरीही आता स्वतःच थापतात. माझ्या हातची आवडत नसणार. चार वर्षं मुकाट्याने खाल्ली, आता कुठे सांगायला सुचलं.

२३ जुलै, गुरुवार. अमावास्या

गटारी. जनूकडे कोंबडं कापलं. हिरामण धड्याच्या वेळी जो गेला तो आलाच नाही. मी वही मिटून बसले. जायचं असेल तर जा म्हणावं कच्छला. मला काय.

खोटं लिहिलं. मला फार वाटतं.

२६ जुलै, रविवार

आज काहीतरी झालं. नीट लिहून ठेवते.

हिरामणची सुट्टी होती. बाहेरकाठा बघायला निघाला. बाहेरकाठा म्हणजे खाडीच्या अंगाचा मोठा बांध. त्याच्या एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला गावाची भातं. मी पण निघाले. मी रोह्याकडची, डोंगराकडची. आमच्याकडे तुरीच्या बांधावर चप्पल घालून चालतात. इथल्या चिखलाची मला चार वर्षांत सवय झालेली नाही, किळसच येते. तरी गेले, भांडण मिटवायचं होतं.

भरती पुरी झाली होती. पाणी ना येत होतं ना जात होतं. हिरामण म्हणाला, "बघ. घडीभर असंच उभं र्‍हातं. मंग फिरतं."

मी सहज म्हटलं, "स्टिल वॉटर."

तो थांबला. "हे?"

"हे."

"मंग असं सांगायचं नाय का?" म्हणाला, आणि माझ्या हातातून कागद घेतला. कागदावरचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण घेतला. "हाय वॉटर म्हंजे भरतीचं. मंग लो वॉटर बी असेल." आहेच की! "फ्रेश वॉटर?" मी म्हटलं, ताजं, खारट नव्हे ते. "गोडं पानी," तो म्हणाला. "हार्ड?" मी म्हटलं, ते दिनानाथलाही ठाऊक नाही. तर म्हणतो, "जड पानी असेल. बांधालगतच्या विहिरीचं. डाळ शिजत नाय, साबू फेसत नाय."

मला वाटतं त्याचं बरोबर आहे. दिनानाथला कार्ड टाकते.

मग वेस्ट वॉटर. मला भीती होती तो पुन्हा गप्प होईल. पण तो खाडीकडे बघत म्हणाला, "मीठ धरून झालं का खाली कडू पानी उरतं. पिवलट. ते परत मिठाच्या खान्यात घ्यायचं नसतं नि कुटं पन सोडायचं नसतं. मालकाला विचारून, सांगंल तिकडं सोडायचं. बा माजा तसाच करायचा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सरू, ते कडू पानी होतं गो. नि मी सोडलं."

त्याला पहिल्यांदा कळलं की त्याचं काय चुकलं. दोन आठवडे सगळे त्याला 'बोर्ड वाचला नाहीस' एवढंच सांगत होते. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. बांधावर माणसं होती, म्हणून नाही ठेवला.

३० जुलै, गुरुवार

बारा जोडीदार पक्के. अक्षरंही आता चिखलातल्या पावलासारखी ओळखतो, कोण कुठून गेलं ते बघून. अख्खा शब्द नाही वाचत, पहिली दोन अक्षरं आणि लांबी बघतो. चालेल.

फायर मात्र जमत नाही. आगीशी त्याची ओळख चुलीपुरती.

३ ऑगस्ट, सोमवार

सासूबाई आज माझ्यावर ओरडल्या, "गो, डाळ कुटल्या पान्यात टाकलीस? त्या हार्ड वाटरात? शिजंल का ती?"

माझी चेष्टा करतात. सगळ्यांदेखत इंग्रजीची टिंगल करायची त्यांना आता सवयच लागली आहे. परवा हिरामण परसात तोंड धूत होता तर विचारलं, "कालचं ते निजलेलं पानी कुटलं रं?" तो म्हणाला, "स्टिल." "हां," म्हणाल्या आणि आत गेल्या. लेकाला पण सोडत नाहीत.

हार्ड वॉटर म्हणजे जड पाणीच, असं दिनानाथचं कार्ड आलं. खाली लिहिलंय, 'मेहुण्यांना नमस्कार सांग, मी हरलो.'

८ ऑगस्ट, शनिवार. नारळी पौर्णिमा

दिनानाथ राखीला आला. जेवण झाल्यावर त्याने हिरामणची परीक्षा घेतली. वीसपैकी पंधरा. सासूबाई नारळीभाताचं पातेलं घासत होत्या, घासता घासता म्हणाल्या, "मास्तर, आगीचं परत इचारा. तिथं चुकतो." दिनानाथ हसला. मला मात्र राग आला, लेकाच्या चुकाच तेवढ्या मोजतात.

जाताना दिनानाथ म्हणाला, "सरू, तुझी सासू फार हुशार बाई आहे." त्याला काय जातं म्हणायला, तो संध्याकाळच्या गाडीने गेला.

गावात थोडी काळजी आहे. उधाण मोठं आहे, आणि कान्हू पाटील म्हणतात जुन्या उघाडीपाशी बाहेरकाठा पातळ झालाय. बांधाचं सगळं तेच बघतात. भातं गुडघ्याएवढी झालीत. खारं पाणी एकदा आत शिरलं तर तीन वर्षं तिथे भात होत नाही.

१० ऑगस्ट, सोमवार

हात दुखतोय, अक्षर वाईट येईल.

सहा वाजता ताट बडवल्याचा आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "खांड गेली!" जुन्या उघाडीपाशी बांध फुटला होता. रात्रीच्या भरतीने बांध खाल्ला. आता ओहोटी होती, आणि दुपारी दीडच्या सुमारास पुन्हा भरती. म्हणजे तेवढ्या वेळात खांड बुजवली नाही तर गावाचं भात गेलं.

खांड गेली की घरटी एक माणूस जातो. माणूस म्हणजे पुरुष. बायका पेंढा आणतात, पेज पोचवतात, पण चिखलात उतरतात पुरुषच. ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घराच्या अडीअडचणीला, मयत असो की लग्न, पुढे गाव जात नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा अशा एका घराचं छप्पर पावसात उघडं बघितलंय. कुणी हात लावला नव्हता.

हिरामणने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आठची एसटी होती. त्याने शर्ट काढला, खुंटीला लावला, आणि मातीची पाटी उचलली. काय बोलणार? 'जाऊ नका' म्हणायचं की 'जा' म्हणायचं, मला खरंच ठरवता आलं नाही.

सासूबाईंनी पाटी त्याच्या हातातून ओढली.

"तू जा परीक्षेला."

"आये, घरटी मानूस लागतो."

"मंग मी कोन हाय? म्हस?" आणि त्यांनी काष्टा घट्ट खोचला. "हाय वाटर म्हंजे?"

"भरती."

"वेस वाटर?"

"कडू पानी. विचारल्याबिगर सोडायचं नाय."

"जा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खुंटीवरचा शर्ट काढून त्याच्या हातात दिला. एवढं एक मी केलं.

तो एसटीकडे गेला, सासूबाई बांधाकडे गेल्या. साठीची बाई, डोक्यावर पाटी, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी दारात उभी राहिले. किती वेळ, ते लिहिते, कारण मला त्याची लाज वाटते. चहा उकळून उतू जाईपर्यंत. मला चिखल दिसत होता आणि मी हलत नव्हते. मग चूल विझवली आणि गेले.

खांड अंगणाएवढी रुंद होती. चाळीसेक पुरुष रांगेत, खाडीकाठच्या खाजणातला चिखल कापून त्याचे गोळे हातोहात पुढे द्यायचे, खांडीत पेंढा आणि बांबू, त्यावर गोळे. सासूबाई रांगेत मांडीभर चिखलात उभ्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंचे पुरुष अवघडून लांब सरकले होते, त्यामुळे तिथे रांग तुटत होती आणि गोळे पडत होते. मी त्या मोकळ्या जागेत उतरले. चिखल थंड होता. कमरेपर्यंत गेले तेव्हा मला रडू आलं, किळसेनेच.

"रडायचं असंल तर वर जाऊन रड," सासूबाई म्हणाल्या. "नायतर गोला पोटाशी धर. पोर धरल्यासारका. हातानं धरलास तर हात जातील."

पोटाशी धरला. पाच तास धरले. जनू आमच्याच रांगेत होता. कान्हू पाटलांनी एकदा आमच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मग पाण्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. भांडायला वेळ नव्हता. साडेबाराला खांड बुजली. भरती येऊन धडकली तेव्हा बांध हातभर वर होता. सगळे तिथेच बसून बघत होते.

वर आल्यावर दिसलं, सासूबाईंच्या पोटरीला कालवाच्या शिंपीने वीतभर चिरलं होतं. कधी लागलं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

हिरामण चारला आला, तो घरी न येता सरळ बांधावर गेला. तिथून धावत आला. दहा बोर्ड होते, चार पाण्याचे, ते चारही बरोबर. वेस्ट वॉटरच्या वेळी साहेबाने त्याला ओळखलं आणि विचारलं, "आणि ओहोटी असली तर?" हा म्हणाला, "तरी पन विचारीन साहेब. कोन नसला तर थांबीन." पण फायर डोअरला याने काय सांगावं? "आग लागली का उघडायचा, म्हंजे आग बाहेर जाते." उघाडीच ती! बाकीचे पाच कसेबसे सांगितले. पास होण्याची खात्री नाही.

"मना तिथं सारखं पानी ऐकू येत होतं," म्हणाला, आणि आईच्या पायाशी बसून तिची पोटरी बघत राहिला.

१२ ऑगस्ट, बुधवार

सासूबाईंना ताप आहे. पेणला डॉक्टरांकडे नेऊन टाके घालून आणले. मी भाकरी करायला बसले तर पडल्या पडल्या ओरडल्या, "तुजा हात दुकतोय, काशीबाईला सांग." माझी भाकरी एवढी का आवडत नाही, कळत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

पास! दहापैकी आठ. फायर डोअर गेलाच, आणि एक विजेचा. सात पुरे होते. गेटवर यादी लागली, त्यात तिसरं नाव हिरामणचं. कायम.

हिरामण सांगताना रडला. मी पण रडले. सासूबाई म्हणाल्या, "आठच? नि दोन कुटं गेले?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

जनू नाही आला. त्याने मुकादमाला स्वतःचं एकट्याचं नाव दिलं म्हणे.

१६ ऑगस्ट, रविवार

आज सकाळी मारुतीच्या देवळात गाव जमलं. खांड बुजवली की आठवड्याभरात घरांची नावं घेतात, कुणाचं माणूस आलं, कुणाचं नाही. कान्हू पाटील नावं वाचतात आणि जो आला होता तो 'हाय' म्हणतो. बायका मागे, पायरीखाली बसतात. सासूबाई, मी नको म्हणत असताना, काठी टेकत आल्या. हिरामणची शिफ्ट होती. त्याची रजिस्टरवरची पहिलीच शिफ्ट, चुकवायची कशी? म्हणजे आमच्या घरचा एकही पुरुष तिथे नव्हता.

"हिरामनचं घर," कान्हू पाटील म्हणाले.

मग जनू म्हणाला, "हिरामन आला नवता. परीक्षेला गेलता." त्याचा आवाज रागाचा नव्हता, वाईट वाटल्यासारखा होता, आणि त्याचं मला जास्त लागलं. आणखी कुणीतरी म्हणालं, "कंपनीत नाव लागलं, आता गावात कशाला पायजे?" दोघे-तिघे हसले. कान्हू पाटलांनी चष्मा काढून पुसला. "रीत तुमाला म्हायती हाय," म्हणाले. "घरटी एक मानूस."

माझ्या डोळ्यांपुढे ते उघडं छप्पर आलं. चार वर्षांत मी त्या देवळापुढे तोंड उघडलेलं नाही. सुनांनी उघडायचं नसतं. पण माझ्या शेजारी ही बाई टाके घातलेला पाय लांब करून बसली होती, आणि तिचं नाव कुणी घेत नव्हतं. मला इतका राग आला की मी उभीच राहिले.

"आमच्या घरचं माणूस आलं होतं," मी म्हणाले. "आई आल्या होत्या."

आणि त्याच वेळी, माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच, सासूबाई खालून ओरडल्या, "माजी सून आलती!"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांना वाटलं होतं मी स्वतःचं सांगायला उठले असेन, आणि मला वाटलं होतं त्या गप्प बसतील. देवळात कुणी हसलं नाही. जनूने मान खाली घातली आणि मग तोच म्हणाला, "व्हय. दोघी माज्या बाजूला होत्या. त्यांच्या हातचा एक गोला पडला नाय."

कान्हू पाटलांनी चष्मा पुन्हा लावला. कागदावर काही खोडलं, काही लिहिलं. मग मोठ्याने वाचलं, "धोंडुबाईचं घर. मानसं दोन," आणि पुढचं नाव घेतलं.

घरी येताना सासूबाईंनी काठी टाकून माझा खांदा धरला. सगळा भार माझ्यावर. वाटभर मला बोलत होत्या, भर गावात सुनेने असं उभं राहायचं असतं का, पदर कुठे होता, आवाज केवढा होता. मी 'हो आई, हो आई' करत होते. दारापाशी आल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "आता ते आगीचं घे माज्याकडून करून. लेकाला नोकरीत लागंल ते, पन त्याला वेल कुटला? मी शिकते, मंग त्याला मी शिकवीन."